लढाऊ वैमानिकांचे ताईत आणि शकुन-अपशकुन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात मी दरवर्षी आमच्या मराठी शाळेतली मुलं घेऊन जाते. दोन वर्षांपूर्वी चौथीतली एक मुलगी तिथल्या 'सी हॉक' विमानाच्या नाकासमोर उभी राहिली, मान वर करून काचेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, यात देव कुठं ठेवतात?" तिचे वडील टॅक्सी चालवतात. डॅशबोर्डावर मंगेशीचा फोटो असतो, आरशाला काळा दोरा बांधलेला असतो. गाडी म्हटली की त्यात देव असणारच, हे तिचं गणित. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधायला लागले आणि त्यात गुंतत गेले. पुढच्या सहलींत मुलांनी, सोबत आलेल्या पालकांनी आणखी प्रश्न विचारले. जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत.

विमानात देव कुठे ठेवतात?

खिशात. चेन लावलेल्या खिशात, नाहीतर कपड्याला आतून शिवून.

लढाऊ विमान उलटं होतं, सूर मारतं, झटक्यात वर येतं. अशा वेळी आत सुटी असलेली प्रत्येक वस्तू उडते. एखादं पेन किंवा नाणं कंट्रोल स्टिकच्या बुडाशी जाऊन अडकलं तर विमान वळवता येत नाही. जेट इंजिनाच्या तोंडात गेलेला एवढासा खडा आतली पाती मोडतो. म्हणून लष्करी विमानतळांवर आणि विमानवाहू जहाजांवर माणसं एका ओळीत उभी राहतात आणि खाली बघत, खडा-खिळा-वायरीचा तुकडा वेचत धावपट्टी चालून काढतात. इतकी काळजी घेतात तिथे मूर्ती नुसती समोर मांडून ठेवणं शक्यच नाही. त्यामुळे वैमानिकाचा ताईत लहान, सपाट आणि अंगाला धरून राहणारा असतो: संताचं पदक, नाणं, फोटो, कापडाचा तुकडा.

हे मी त्या मुलीला पुढच्या वर्षी सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमचा मंगेशी सुटा नाही बाई, पप्पांनी डबल टेपनं चिकटवलाय."

पण इतकं शिकलेली, यंत्रं चालवणारी माणसं असलं काही का मानत?

त्यांच्या दिवसांकडे बघा. १९१७ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर ब्रिटिशांनी सुमारे २४५ विमानं गमावली. त्या महिन्याचं नावच 'रक्तरंजित एप्रिल' पडलं. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना त्या युद्धात पॅराशूटही दिलेलं नव्हतं. जर्मनांना मिळालं तेही १९१८ मध्ये. विमान लाकडाचं, वर कापड ताणलेलं, पुढ्यात पेट्रोलची टाकी. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळात ब्रिटनच्या आकाशात जी लढाई झाली, तीत ब्रिटिशांच्या बाजूने सुमारे २,९०० जण उडाले आणि ५४४ त्या चार महिन्यांच्या आतच गेले. बरेचसे विशी-बाविशीचे. सकाळी चहाला शेजारी बसलेला दुपारी नाही, आणि तो का गेला व आपण का राहिलो याला कारण सापडत नाही. कौशल्य लागतंच, पण ते पुरत नाही.

मालिनोव्स्की नावाचे मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले होते. तिथले लोक खाडीच्या शांत पाण्यात मासे मारताना मंत्रतंत्र करत नसत. तिथे मासा मिळणार हे ठरलेलं, जिवाला धोका नाही. तेच लोक खोल समुद्रात निघाले की विधी, मंत्र, पथ्यं सगळं पाळत. जिथे आपल्या हातात सगळं आहे तिथे ताईत लागत नाही. आकाश हा खोल समुद्रच आहे.

वास्कोकरांना हे वेगळं सांगायला नको. आमचा दामोदराचा सप्ताह एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्लेगच्या साथीतून सुरू झाला. औषध हाती नव्हतं तेव्हा लोकांनी जांबावलीहून देवाचा नारळ आणला आणि चोवीस तास भजन केलं. ते न शिकलेले होते म्हणून नव्हे. मरण दारात उभं होतं आणि हात रिकामे होते म्हणून.

ते बरोबर काय काय बाळगत?

जे आपण बाळगतो तेच थोड्या फरकाने. प्रवाशांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत ख्रिस्तोफरचं पदक, सशाचा पाय, बायकोचा रुमाल, लहानपणीचं कापडी अस्वल.

मला सर्वांत आवडलेली जोडी म्हणजे नेनेत आणि रँतँतँ. लोकरीच्या बोटभर दोन बाहुल्या, एक मुलगी, एक मुलगा, दोघं एका धाग्याने जोडलेली. १९१८ मध्ये पॅरिसवर तोफगोळे पडत होते तेव्हा फ्रेंच बायकांनी या हजारोंनी केल्या, गळ्यात घातल्या, सैनिकांना दिल्या. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये एका अमेरिकन विमान तुकडीतल्या ली डंकन या जवानाला उद्ध्वस्त झालेल्या कुत्राघरात एक कुत्री आणि तिची पिल्लं सापडली. त्यातली दोन त्याने स्वतःकडे ठेवली आणि त्यांना याच बाहुल्यांची नावं दिली. त्यातला रिन टिन टिन, म्हणजे इंग्रजी उच्चारातला रँतँतँ, पुढे सिनेमात जगप्रसिद्ध झाला. फ्रान्ससाठी लढणाऱ्या अमेरिकन वैमानिकांच्या लाफायेत तुकडीने तर सिंहाचे दोन छावे पाळले होते, नावं व्हिस्की आणि सोडा.

फेरारीवरचा घोडा वैमानिकाचा आहे, हे खरं का?

खरं आहे. फ्रांचेस्को बराका हा इटलीचा पहिल्या महायुद्धातला सर्वांत यशस्वी वैमानिक. शत्रूची ३४ विमानं त्याच्या नावावर आहेत. त्याच्या विमानाच्या अंगावर मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा रंगवलेला असे. १९ जून १९१८ ला तो मारला गेला. १९२३ मध्ये त्याच्या आईची एन्झो फेरारींशी भेट झाली आणि तिने सांगितलं, माझ्या मुलाचा घोडा गाडीवर लाव, तुला लाभेल.

इथे मी थांबते दरवेळी. मुलगा त्याच घोड्यासकट गेला होता. तरी आईच्या लेखी ते चिन्ह अपशकुनी झालं नाही. तिने ते दुसऱ्याच्या मुलाला आशीर्वाद म्हणून दिलं.

लढाऊ विमानांवर स्वस्तिक? म्हणजे नाझींचंच ना?

नाही, त्याच्या आधीचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतही स्वस्तिक हे शुभचिन्ह म्हणून सर्रास वापरात होतं. वेर्नर फॉस या जर्मन वैमानिकाच्या विमानावर ते होतं. ४८ विजय मिळवून तो २३ सप्टेंबर १९१७ ला पडला, वय अवघं वीस. स्वीडनच्या एरिक फॉन रोझेन यांचं निळं स्वस्तिक हे वैयक्तिक शुभचिन्ह होतं. मार्च १९१८ मध्ये त्यांनी फिनलंडला विमान भेट दिलं त्यावर ते रंगवलेलं होतं. तेच फिनिश हवाई दलाचं चिन्ह झालं आणि १९४५ पर्यंत विमानांवर राहिलं. नाझी पक्षाने स्वस्तिक उचललं ते १९२० मध्ये. आपल्या उंबरठ्यावरची रांगोळी आणि त्यांचा झेंडा यांतला फरक मुलांना मी आवर्जून सांगते.

कुणी विमानावर शवपेटी काढली होती म्हणे?

शार्ल नुंजेसे, फ्रान्सचा, ४३ विजय. काळं हृदय, त्यात कवटी, शवपेटी आणि दोन मेणबत्त्या. लोक याला बेफिकिरी म्हणतात. मला ती तीट वाटते.

आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू ठेवत. मृत्यूने यादी बघितली तरी याला उचलावंसं वाटू नये म्हणून. बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावतो तोही त्याचसाठी. ज्याने मरणाचं चित्र स्वतःच अंगावर घेतलंय, त्याच्याकडे मरण कशाला येईल? नुंजेसे महायुद्धातून जिवंत सुटला. मे १९२७ मध्ये पॅरिसहून न्यूयॉर्कला निघालेलं त्याचं विमान मात्र पुन्हा कुणाला दिसलं नाही.

'शेवटचं उड्डाण' असं म्हणत नाहीत, ते का?

रशियन वैमानिक आजही 'शेवटचं' यासाठीचा नेहमीचा शब्द 'पस्लेदनी' टाळतात आणि 'क्राइनी', म्हणजे कडेचं, टोकाचं, असं म्हणतात. आज दिवसातलं कडेचं उड्डाण आहे. ब्रिटिश हवाई दलात कुणी मारला गेला की 'मेला' म्हणत नसत. 'बर्टन (बहुधा बर्टन गावची बिअर) घ्यायला गेलाय' म्हणत.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. दिवा विझवत नाही, शांत करतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. माझ्या सासूबाई तांदळाच्या डब्यात हात घालतात, तळाला मापटं खरवडतं, आणि त्या म्हणतात, "तांदूळ वाढलेत गो." त्या घरात 'संपले' हा शब्द मी चोवीस वर्षांत ऐकलेला नाही. तो म्हातारा हात आणि हँगरमध्ये उभा राहून 'कडेचं' म्हणणारा तो तरुण, दोघांनाही ठाऊक आहे की शब्दाने काही थांबत नाही. तरी तोंडातून वाईट काढू नये, एवढी मर्यादा दोघंही पाळतात. याला मी अंधश्रद्धा म्हणायला तयार नाही.

उड्डाणाआधी फोटो काढू देत नसत का?

अनेक जण देत नसत. कारण म्हणून मानफ्रेड फॉन रिख्टहोफेनचं, म्हणजे 'रेड बॅरन'चं नाव घेतात. ८० विजय मिळवलेला हा वैमानिक २१ एप्रिल १९१८ ला मारला गेला. निघण्याआधी त्याचा फोटो काढला गेला होता, अशी कथा सांगतात. पण त्याचे फोटो आधीही कितीतरी निघाले होते आणि तो दरवेळी परत आला होता. ते कुणी मोजत नाही. त्या दिवशी पाठलाग करताना तो फार खाली, शत्रूच्या हद्दीत गेला आणि एका गोळीने गेला. अपशकुनाची वही अशीच लिहिली जाते. चुकलेले शंभर अंदाज कोरे सोडायचे आणि जुळलेला एक ठळक करायचा.

तेरा आकडा?

पाश्चात्त्य वैमानिकांत बरेच टाळत. भारतापुरतं सांगायचं तर पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढलेले वैमानिक इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये तेरा दिवसांत दहा विजय मिळवले. २२ जुलैला ते पडले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.

जपानी वैमानिकांच्या 'हजार टाक्यां'बद्दल सांगाल का?

सेन्निनबारी. पांढऱ्या कापडाचा पट्टा, त्यावर लाल धाग्याच्या हजार गाठी, आणि प्रत्येक गाठ वेगळ्या बाईने मारलेली. मुलगा युद्धावर निघाला की आई, बहीण किंवा बायको हा पट्टा घेऊन रेल्वे स्टेशनबाहेर, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहत असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी बायकांना एकेक टाका मागत असे. वाघाच्या वर्षी जन्मलेल्या बाईला मात्र आपल्या वयाइतक्या गाठी मारायची मुभा. वाघ हजार कोस जातो आणि परत येतो अशी तिकडे समजूत आहे. काही जणी पट्ट्यात पाच सेनचं नाणं शिवत. जपानीत 'चार सेन' आणि 'मरणाची रेषा' यांचा उच्चार एकच, शिसेन. पाच म्हणजे ती रेषा ओलांडलेली. दहा सेनचं नाणंही तसंच: 'नऊ सेन' म्हणजे कुसेन, बिकट लढाई, तिच्या पलीकडचं.

सैनिक, नौसैनिक, वैमानिक सगळेच हा पट्टा पोटावर बांधत. शाळकरी मुली कापडाच्या बाहुल्या करून कामिकाझे, म्हणजे विमानासकट शत्रूवर जाऊन आदळणाऱ्या वैमानिकांना देत, त्याही याच जातीच्या. फरक इतकाच की तिथे परत यायचं नव्हतं.

गेल्या वर्षी शिवणाच्या तासाला मी मुलांना एक पट्टा दिला. सुईला धागा दोनदा गुंडाळायचा, त्याच जागी सुई खाली घालायची, गाठीचा टाका. एकेकाला मिनिटभर तरी लागला, कुणाचा धागा सुटला, कुणाला सुई टोचली. तास संपला तेव्हा ३१ गाठी झाल्या होत्या. मुलांनी कापड धरून उरलेली जागा बघितली. हजार म्हणजे किती, आणि त्या बाईला किती तास रस्त्यावर उभं राहावं लागलं असेल, हे त्यानंतर सांगायची गरज पडली नाही.

मिशी हाही ताईत असू शकतो का?

हो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन हवाई दलाचे रॉबिन ओल्ड्स थायलंडमधल्या उबोन तळावर १९६६-६७ मध्ये प्रमुख होते. नियमाबाहेरची झुबकेदार मिशी त्यांनी राखली, सहकाऱ्यांनीही राखल्या. तिला 'बुलेटप्रूफ मिशी' म्हणत. परत आल्यावर हवाई दलप्रमुखांनी ती काढायला लावली.

गळ्यातला रेशमी स्कार्फ?

तो ताईत नव्हे. शत्रू मागून येतो, म्हणून वैमानिकाला सतत मान फिरवून बघावं लागतं. जाड कॉलरवर मान घासून सोलवटते. रेशीम त्यासाठी.

रेशमाचं खरं ऋण वेगळं आहे. पॅराशूटं रेशमाची असत. १९२२ मध्ये पॅराशूट बनवणाऱ्या लेस्ली आयर्विन यांनी 'कॅटरपिलर क्लब' काढला. पॅराशूटने जीव वाचलेल्याला सोन्याच्या अळीची छोटी पिन मिळे. रेशमाच्या किड्याची आठवण. समुद्रात पडून रबरी होडीवर तगलेल्यांसाठी १९४२ मध्ये 'गोल्डफिश क्लब' निघाला. ही नुसती कृतज्ञता होती.

ग्रेम्लिन म्हणजे काय?

विमानात बिघाड करणारी खोडकर भुतं, ब्रिटिश हवाई दलातली कल्पना. कारण न सापडलेल्या बिघाडाचं खापर त्यांच्यावर फोडत. मला ही सोय शहाणपणाची वाटते. दोष भुताला दिला म्हणजे रात्रभर जागून विमान तयार करणाऱ्या फिटरवर कुणी संशय घेत नाही.

आपल्या वैमानिकांचं काय?

१९४० मध्ये ब्रिटनला गेलेल्या २४ भारतीय वैमानिकांत मोहिंदरसिंग पुज्जी होते. ते हरिकेन विमान पगडी बांधूनच उडवत आणि कॉकपिटमध्ये एक जादा पगडी ठेवत. पडलो तर दुसरी हवी म्हणून. याला ताईत म्हणू नका. ती ओळख आहे.

लिंबांचं सगळे विचारतात. ८ ऑक्टोबर २०१९ ला, दसऱ्याच्या दिवशी, फ्रान्समध्ये पहिलं राफेल ताब्यात घेताना संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांनी त्यावर ओम काढला, नारळ ठेवला आणि चाकांखाली लिंबं ठेवली. त्यावर खूप वाद झाला. आमच्या घरी खंडेनवमीला कोयता, विळी, शिवणयंत्र आणि आता मुलाचा लॅपटॉपही पुजला जातो. हत्याराला वर्षातून एकदा हात जोडणं मला गैर वाटत नाही. विमान तयार आहे की नाही ते लिंबू सांगत नाही, तपासणीची यादी सांगते, आणि ती प्रत्येक उड्डाणाआधी तपासली जाते.

मग या गोष्टींचा उपयोग होतो का?

गोळीवर काही परिणाम होत नाही. मनावर होतो का, यावर मतभेद आहेत. २०१० मध्ये जर्मनीत काही लोकांना गोल्फ खेळायला देताना 'हा चेंडू लकी आहे' असं सांगितलं, तर त्यांचा नेम सुधारला. पण २०१४ मध्ये अमेरिकेत जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग केला तेव्हा फरक दिसला नाही. माझं मत विचाराल तर ताईत नेम सुधारत नाही, हात थरथरायचा थांबवतो. तेवढ्यासाठी बाळगला तर बाळगू द्यावा.

यंत्राच्या आड आला की मात्र तो धोका आहे. २०१७ मध्ये शांघायला एका ऐंशी वर्षांच्या आजींनी प्रवास सुखाचा व्हावा म्हणून विमानाच्या इंजिनाकडे नाणी फेकली. प्रवाशांना उतरवून इंजिन तपासावं लागलं, विमानाला काही तास उशीर झाला.

यात वाईट काहीच नव्हतं का?

होतं, आणि ते मी मुलांपासून लपवत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर विमानतळांवर काम करणाऱ्या एखाद्या तरुणीचा मित्र मारला गेला, मग दुसराही गेला, की तिला 'चॉप गर्ल' म्हणत. तिच्याशी बोलू नये, नाचू नये, तिच्याबरोबर दिसलात तर पुढचा नंबर तुमचा. ज्या मुलीने आधीच दोन माणसं गमावली तिला जेवणाच्या टेबलावर एकटं बसवायचं.

आपल्याकडे याला शब्द आहे: पांढऱ्या पायाची. माझी मावशी सव्विसाव्या वर्षी विधवा झाली. माझ्या लग्नात ओटी भरायच्या वेळी तिला कुणीतरी हळूच आतल्या खोलीत बसायला सांगितलं. तिने मला लहानपणी न्हाऊमाखू घातलेलं. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. आज त्याला चोवीस वर्षं झाली, तरी तो राग तसाच आहे. मुलीच्या बारशाला पहिली ओटी मी मावशीकडून भरून घेतली. नातेवाइकांपैकी दोघी उठून गेल्या.

खिशातल्या नाण्याला माझा विरोध नाही. भीती स्वतःच्या खिशात ठेवा. ती उचलून दुसऱ्या माणसाच्या कपाळी चिकटवू नका.

गोव्यात हे सगळं कुठे बघता येईल?

ताईत काचेत मांडलेले सापडणार नाहीत, पण विमानं आहेत. बोगमाळोचं संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. आवारात 'सी हॉक' आहे. याच जातीच्या विमानांनी डिसेंबर १९७१ मध्ये 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरून उडून चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. १९८३ मध्ये आलेलं आणि २०१६ मध्ये निवृत्त झालेलं 'सी हॅरियर' आहे. जवळच दाबोळीची धावपट्टी आहे. तिच्यावर १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले होते. घरात त्या पिढीचं कुणी असेल तर त्यांना बरोबर न्या.

मुलांना 'सी हॉक'च्या पंखांच्या मुळाशी असलेली दोन तोंडं दाखवा. हवा तिथून इंजिनात जाते. मग काचेखालच्या त्या जागेकडे बघायला सांगा. एक माणूस बसेल, खांदे जेमतेम मावतील. पाणी आणि टोपी बरोबर घ्या, दुपारी तिथे ऊन फार लागतं.